वीज चमकली की एएम खरखरतो, एफएम का नाही? मॉड्युलेशनची गोष्ट

आमच्या शेतातल्या आखाड्यावर एक ट्रान्झिस्टर रेडिओ होता, चामड्याच्या कव्हरातला. आबा सकाळी बैलं सोडायच्या आधी तो चालू करायचे, अन् "हे आकाशवाणीचं परभणी केंद्र आहे" एवढं कानावर पडलं की त्यांचा दिवस सुरू व्हायचा. उन्हाळ्यात, अवकाळीच्या दिवसांत, इकडं कडक ऊन असायचं, आभाळ कुठंतरी लांब काळं झालेलं असायचं, अन् रेडिओ बोलता बोलता मधेच खर्रर्र करायचा. तसं झालं की आबा लगेच म्हणायचे, बैलं सोड, घराकडं चल. मला लई नवल वाटायचं की अजून गडगडलंही नाही, मग रेडिओला आधी कसं कळलं.

हे सगळं परत आठवायचं कारण माझी भाची. ती लातूरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. परवा फोनवर म्हणाली, "मामा, मॉड्युलेशन काही समजंना झालंय. सर म्हणतात आवाज कॅरियरवर बसवतात. बसवतात म्हणजे नेमकं काय करतात? अन् आवाज सरळच का पाठवत नाहीत?" प्रश्न दोन्ही एकदम मुळातले आहेत, अन् बरेच जण परीक्षा पास होतात पण हे विचारतच नाहीत. मी तिला तासभर जे सांगितलं तेच जरा नीट करून इथं लिहितोय.

आधी दुसरा प्रश्न घेऊ, आवाज सरळ का पाठवत नाहीत. आपण बोललो की हवा हलते, माईक त्या हलण्याचा करंट बनवतो, तो करंट सेकंदाला शंभर वेळा, हजार वेळा, पाच हजार वेळा असा मागंपुढं होतो. माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, सेकंदाला किती वेळा हललं ती फ्रिक्वेन्सी, अन् ती हर्ट्झमधे मोजतात. आता कोणी म्हणेल की हाच करंट मोठा करून तारेत सोडा, रेडिओ लहर निघेलच की. निघेल, पण रेडिओ लहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर पळते, म्हणजे १००० हर्ट्झची एक लहर ३०० किलोमीटर लांब होते. अँटेना नीट काम करायची तर ती लहरीच्या निदान पाव भागाएवढी लागते असा ढोबळ हिशोब आहे, म्हणजे ७५ किलोमीटर उंच खांब. तो परभणीत आडवा पाडला तर नांदेड ओलांडून पुढं जाईल. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आपल्या नौदलाचं एक केंद्र आहे, पाण्याखालच्या पाणबुड्यांशी बोलण्यासाठी, तिथं फार कमी फ्रिक्वेन्सी वापरतात अन् तिथले टॉवर ४७१ मीटर उंच आहेत. आणि तीसुद्धा आवाजाची फ्रिक्वेन्सी म्हणावी तर वरच्या टोकाची, हजार हर्ट्झ नव्हे.

दुसरी अडचण, सगळेच जण त्याच २० ते २०,००० मधे बोलणार. परभणी केंद्र, संभाजीनगर केंद्र, मुंबई, सगळे एकाच वेळी एकाच पट्ट्यात, मग आठवडी बाजारात चार भोंगे एकदम लावल्यासारखं होईल, अन् ते वेगळे करायला रेडिओकडं काही साधनच नसेल. म्हणून प्रत्येकाला वेगळी, खूप वरची फ्रिक्वेन्सी देतात. परभणी केंद्राची १३०५ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १३ लाख ५ हजार वेळा हलणारी लहर. तिची लांबी साधारण २३० मीटर, पाव भाग ५७-५८ मीटर, एवढा टॉवर उभा करता येतो. ही जी वरची, एकसारखी, न थांबता हलणारी लहर तिला कॅरियर म्हणायचं.

आता पहिला प्रश्न, अन् माझ्या मते सगळा घोटाळा इथंच होतो. पुस्तकात, क्लासमधे, सगळीकडं सांगतात की कॅरियर म्हणजे ट्रॅक्टर आणि आवाज म्हणजे ट्रॉलीतला कापूस, गावाला पोचलं की कापूस उतरवून घ्यायचा. ऐकायला छान आहे पण याच्यानंच पोरं चुकतात, कारण ट्रॉलीत कापूस भरला तर ट्रॅक्टर आहे तसाच राहतो. रेडिओत तसं नाही होत. आवाज कॅरियरवर ठेवलेला नसतो, आवाज कॅरियरला बदलतो, तिचा आकारच वेगळा करतो, यालाच मॉड्युलेशन म्हणायचं, आणि बातमी, म्हणजे जे पोचवायचंय ते, त्या बदलात असते. कॅरियर नुसती, न बदलता चालू राहिली तर ती कितीही जोरात असू द्या, तिच्यातून एवढंच कळतं की केंद्र चालू आहे.

मी भाचीला बॅटरीचं, म्हणजे टॉर्चचं सांगितलं. आपल्याकडं शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची येते, माणसं रात्री पाणी द्यायला, डुकरं राखायला शेतात असतात. समजा दोन आखाड्यांवर दोघं आहेत, मधे अर्धा किलोमीटर, अन् हातात बॅटरी. बॅटरी नुसती लावून धरली तर समोरच्याला काय कळेल, की गडी जागा आहे, बास. काही सांगायचं असेल तर बॅटरीत काहीतरी बदलावं लागेल. एक तर उजेड कमीजास्त करायचा. किंवा उजेड तेवढाच ठेवून उघडझाप करायची, कधी पटपट, कधी सावकाश. पहिलं एएम, दुसरं एफएम. उदाहरण आहे, तंतोतंत नाही, पण गाभा हाच आहे.

एएम म्हणजे अँप्लिट्यूड मॉड्युलेशन. कॅरियरची उंची आवाजाप्रमाणं कमीजास्त करायची. निवेदक मोठ्यानं बोलला की उंची जास्त खालीवर होते, हळू बोलला की थोडी. अन् आवाज किती बारीक किंवा जाड आहे, म्हणजे सूर किती वरचा किंवा खालचा आहे, हे उंची सेकंदाला किती वेळा खालीवर होते त्यावरून ठरतं. बासरीचा सूर १००० हर्ट्झचा असेल तर कॅरियरची उंची सेकंदाला १००० वेळा फुगते अन् १००० वेळा ओसरते. एक मर्यादा आहे, उंची कमी करत करत शून्यावर आणता येते, त्याच्या खाली नाही. आवाज त्याच्याही पलीकडं ढकलला तर लहरीचा आकार आवाजासारखा राहत नाही, अन् ऐकणाऱ्याला फाटका आवाज येतो.

एएमचं खरं सौंदर्य रेडिओच्या बाजूला आहे. आवाज परत काढायला फक्त एक डायोड, एक कपॅसिटर अन् एक रेझिस्टर पुरतो. डायोड लहरीची खालची बाजू कापून टाकतो, कपॅसिटर भरभर हलणारी कॅरियर गुळगुळीत करतो, अन् उरतो तो वरच्या टोकांचा आकार, म्हणजेच आवाज. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओमधे काचेचा छोटासा ओए ७९ डायोड असायचा. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी तासन् तास बसायचो तिथं मिस्त्रीनं मला तो चिमट्यात धरून दाखवला होता, म्हणाला आवाज इथं जन्मतो. मला ते वाक्य अजून बरोबर वाटतं. इतकं साधं म्हणूनच तो रेडिओ स्वस्त झाला अन् आखाड्या-आखाड्यावर पोचला.

पण आता एक गोष्ट अशी, जी ट्रॉलीवाल्या उदाहरणानं कधीच समजणार नाही. १३०५ ची कॅरियर नुसती चालू असते तेव्हा ती फक्त १३०५ वरच असते, रुंदी जवळजवळ नाहीच. तिच्यावर १ किलोहर्ट्झचा सूर दिला की १३०५ च्या दोन्ही बाजूंना, १३०४ अन् १३०६ वर, दोन नवीन लहरी दिसायला लागतात. त्यांना साइडबँड म्हणतात. कोणी पाठवल्या? कोणीच वेगळ्या नाही पाठवल्या. उंची कमीजास्त होणारी एक लहर म्हणजेच ज्यांची आपापली उंची बदलत नाही अशा तीन लहरींची बेरीज, गणितानं ते एकच आहे. तंबोऱ्याच्या दोन तारा जुळवताना सूर जवळजवळ सारखे झाले की आवाज वंव-वंव असा फुगतो-ओसरतो, ऐकलंय ना, दोन सूर मिळून एक फुगणारा आवाज. हे त्याचंच उलट.

म्हणजे लहर बदलली की तिला जागा लागते, जितका भराभर बदल तितकी जास्त जागा. हे एक वाक्य पक्कं धरलं तर पुढचं सगळं, एफएम काय अन् मोबाईल काय, त्यातूनच निघतं. आपल्याकडं मीडियम वेव्हवर, म्हणजे परभणीचं १३०५ ज्या पट्ट्यात येतं तिथं, दोन केंद्रांमधे ९ किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात, १२९६, १३०५, १३१४ असं. मग प्रत्येकाला दोन्ही बाजूंना मिळून तेवढीच जागा, म्हणजे आवाज साधारण साडेचार-पाच किलोहर्ट्झपर्यंतचाच नीट जातो. बातम्यांना, बाजारभावाला, शेतीच्या सल्ल्याला ते भरपूर आहे. पण भजनातल्या टाळांचा झणकार त्याच्या वर असतो, तो मीडियम वेव्हवर दबलेला ऐकू येतो, टाळ ऐवजी कोणी झाकण वाजवल्यासारखा. लोक म्हणतात रेडिओ भंगार आहे. रेडिओचा दोष नाही, जागेचा आहे.

अजून एक, एएममधे पूर्ण ताकदीनं सूर पाठवला तरी एकूण पॉवरचा दोन तृतीयांश भाग कॅरियरमधेच राहतो अन् बातमी सगळी साइडबँडमधे. त्यातही दोन्ही साइडबँडमधे एकच बातमी दोनदा. म्हणून हॅमवाले, म्हणजे हौसेनं स्वतःच्या रेडिओवरून बोलणारे लोक, कॅरियर अन् एक साइडबँड काढूनच टाकतात अन् उरलेली एकच बाजू पाठवतात, त्याला एसएसबी (सिंगल साइडबँड) म्हणतात. थोड्या पॉवरमधे लांब जातं, पण मग रेडिओला कॅरियर स्वतः बनवून परत मिसळावी लागते, ती जराशी चुकली की बोलणारा बदकासारखा ऐकू येतो. एका डायोडवर भागत नाही.

आता वीज. आकाशात वीज पडते म्हणजे एक भयंकर मोठा करंट क्षणभर वाहतो, अन् असा झटका दिला की रेडिओ लहरी निघतातच, एका फ्रिक्वेन्सीवर नाही तर फार मोठ्या पट्ट्यावर पसरून, खालच्या फ्रिक्वेन्सीवर जास्त जोरात. ती १३०५ वर पण येते. रेडिओला काय माहीत ही उंची निवेदकानं वाढवली का विजेनं वाढवली, तो इमानानं उंची वाचतो अन् खर्रर्र करतो. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर पाडला, की तिथंही छोटी ठिणगी, छोटी वीज, अन् रेडिओत टक्क. बॅटरीच्या उदाहरणात हे म्हणजे मधेच धूळ उडाली. समोरच्याला कळणारच नाही की उजेड गड्यानं कमी केला का धुळीनं.

पण उघडझाप? धुळीनं उजेड मंद होईल, उघडझाप किती पटपट चाललीय हे तरी मोजता येईलच. हीच एफएमची सगळी युक्ती. फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशनमधे लहरीची उंची कायम ठेवतात अन् फ्रिक्वेन्सी हलवतात. १०० मेगाहर्ट्झचं केंद्र धरा, एक मेगाहर्ट्झ म्हणजे १००० किलोहर्ट्झ. निवेदक गप्प, तर लहर बरोबर १०० वर. मोठ्यात मोठा आवाज आला तर ती ७५ किलोहर्ट्झ वर अन् ७५ किलोहर्ट्झ खाली जाते, म्हणजे ९९.९२५ ते १००.०७५. इथं एक गल्लत जवळजवळ सगळ्यांची होते, भाचीचीही झाली होती. तिला वाटलं आवाज बारीक असेल तर लहर जास्त लांब सरकत असेल. नाही. आवाज किती मोठा, त्यावर ठरतं की लहर किती लांब सरकणार. आवाज किती बारीक, त्यावर ठरतं की सेकंदाला किती वेळा सरकून परत येणार. झोक्यासारखं धरा, झोका किती लांब जातो हा एक हिशोब अन् मिनिटाला किती हेलकावे हा दुसरा. ही दोन वाक्यं वेगळी ठेवली की एफएम समजला.

रेडिओ मग काय करतो, आलेली लहर आधी वरून खालून सरळ छाटून टाकतो, सगळी एका उंचीची. त्या भागाला लिमिटर म्हणतात. विजेनं जी उंची वाढवली होती ती तिथंच छाटली जाते, अन् बातमीला धक्का लागत नाही कारण बातमी उंचीत नव्हतीच. जुन्या टीव्हीवर हे डोळ्यांनी दिसायचं. माळवदावर अँटेना लावून म्हैसमाळचं नाहीतर अंबाजोगाईचं दूरदर्शन बघितलेल्यांना आठवत असेल, दारावरून मोटरसायकल गेली की चित्रात ठिपक्यांच्या रेघा यायच्या पण आवाज साफ चालू. त्या टीव्हीत चित्र एएमनं यायचं अन् आवाज एफएमनं, एकाच टॉवरवरून, एकाच तारेत.

याची किंमत मात्र मोजावी लागते, अन् ती जागेतच. १९२२ मधे जॉन कार्सन या अमेरिकन इंजिनिअरनं गणितानं दाखवून दिलं होतं की एफएमला एएमपेक्षा कमी जागा लागेल ही लोकांची आशा खोटी आहे. गणित बरोबर होतं. पण एडविन आर्मस्ट्राँगनं उलटी दिशा धरली, म्हणाला जागा वाचवायचीच कशाला, लहरीला भरपूर सरकू द्या, जितकी जास्त सरकेल तितकी खरखर दबेल. १९३३ मधे त्याला पेटंट मिळाली अन् १९३५ मधे न्यूयॉर्कमधे त्यानं इंजिनिअर लोकांसमोर ऐकवून दाखवलं. मला या माणसाबद्दल फार आदर आहे, सगळे जागा कशी कमी करायची यात गुंतलेले असताना यानं ती वाढवून दाखवली. हिशोब सोपा आहे, ७५ किलोहर्ट्झ सरकणं, त्यात १५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मिळवला, ९०, दोन्ही बाजूंची मिळून १८०. कुठं ९ अन् कुठं १८०. मीडियम वेव्हचा पट्टा ५३१ पासून १६०२ पर्यंत, म्हणजे सगळा मिळून हजारेक किलोहर्ट्झ, त्यात एफएमची पाचच केंद्रं मावतील. म्हणून एफएमला वर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमधे नेलं, तिथं जागाच जागा.

अन् इथून अजून एक गैरसमज सुटतो. लोक म्हणतात एएम लांब जातो, एफएम जवळच राहतो. लांब जाणं हे एएमचं काम नव्हे, ते मीडियम वेव्हचं काम आहे. खालच्या फ्रिक्वेन्सीची लहर जमिनीला धरून वाकत जाते, आणि रात्री तर वर आकाशातल्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर लांब उतरते, दिवसा उन्हामुळं तयार होणारा खालचा थर तिला पिऊन टाकतो, रात्री तो थर विरतो. १०० मेगाहर्ट्झची लहर सरळ जाते, डोंगर आडवा आला की पलीकडं सावली. म्हणून तर टॉवर म्हैसमाळच्या माथ्यावर, अंबाजोगाईच्या बालाघाटावर बांधले. विमानं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर बोलतात अन् तिथं आजही एएमच वापरतात, पण ती लहरसुद्धा सरळच जाते. तिथं एएम ठेवण्यामागं एक चांगलं कारण आहे, दोन पायलट एकदम बोलले तर एएममधे चिर्र असा आवाज येतो, निदान कळतं की दोघं आहेत. एफएममधे जोराची लहर कमजोर लहरीला पार गिळून टाकते, दुसरा माणूस बोलत होता याचा पत्ताच लागत नाही.

मोबाईलचं थोडक्यात सांगतो कारण तो वेगळाच मोठा विषय आहे. तिथं आवाज आधी शून्य-एकच्या आकड्यात बदलतात, असा एक आकडा म्हणजे एक बिट, अन् मग लहर हळूहळू न बदलता ठरलेल्या पायऱ्यांनी बदलतात. उंची अन् फ्रिक्वेन्सीशिवाय तिसरी एक गोष्ट बदलता येते, फेज. दोन टाळकरी एकाच लयीत, एकाच जोरानं वाजवतायत पण एक जण अर्धी मात्रा मागं आहे, तर लय तीच, जोर तोच, वेळ फक्त सरकलेली. ते सरकणं म्हणजे फेज. उंचीच्या काही पायऱ्या अन् फेजच्या काही पायऱ्या मिळून १६ वेगवेगळ्या खुणा केल्या तर एका खुणेत ४ बिट जातात, २५६ केल्या तर ८ बिट. पण २५६ खुणा म्हणजे एकमेकींना खेटून, थोडी खरखर आली की शेजारची खूण वाचली जाते. म्हणून टॉवर जवळ असला की फोन दाट खुणा वापरतो अन् लांब गेलो, की दोघं आपसात ठरवून चारच खुणांवर उतरतात, एका खुणेत २ बिट. आखाड्यावर नेट बंद पडत नाही पण हळू हळू चालतं, त्याच्या मागं बऱ्याचदा हेच असतं.

भाचीला मी म्हणालो पुस्तक मिटव अन् घरात जुना रेडिओ असेल तर काढ. मीडियम वेव्हवर लाव अन् गॅसचा लायटर जवळ टकटक कर, मग एफएमवर लावून तेच कर. अन् आभाळ आलेलं असेल तर घरातच बस, मीडियम वेव्ह चालू ठेव, खर्र झालं की मोजायला लाग. वीज चमकल्याची रेडिओ लहर क्षणात येते, गडगडाट मात्र हवेतून चालत येतो, एका किलोमीटरला साधारण तीन सेकंद.

चार दिवसांनी रात्री तिचा फोन आला, लातूरला पाऊस येऊ लागला होता. म्हणाली, "मामा, लायटरचं जमलं, एफएमवर काहीच नाही आलं. अन् आत्ता खर्र झालं तसं मी मोजलं, पंधरा झाले तेव्हा गडगडलं." मी विचारलं किती लांब. म्हणाली पाच किलोमीटर. मग फोनवरच आम्ही दोघं पुढची वाट बघत बसलो, तिकडं खर्र झालं, तिनं मोठ्यानं मोजायला सुरुवात केली, अन् यावेळी नवावरच गडगडलं. मी म्हणालो, माय, जवळ यायलीय, खिडकी लाव अन् चार्जरला लावलेला फोन काढून ठेव. आबा म्हणायचे तसंच, फक्त इथं सोडायला बैलं नव्हती.